आभारप्रदर्शन

ज्ञानू : पण मालक, कॉलेजवाल्यांनी तुमास्नी बोलवलंच कशाला?

विश्वजित : ‘धंदा आणि नीती’वर बोला म्हणाले. कागल एमआयडीसीत वीस वर्षं कारखाना चालवतोय, नाव चांगलं आहे म्हणून. प्राध्यापकांनी टिपण दिलं होतं. त्यातला एक विचार म्हणतो, जास्तीत जास्त लोकांचं ज्यात भलं, ते बरोबर. दुसरा म्हणतो, भलं होवो न होवो, माणसाला अवजारासारखं वापरायचं नाही. मी दोन्ही झकास समजावले. टाळ्या पडल्या.

ज्ञानू : मग?

विश्वजित : मग आभार मानायला एक मुलगी उठली. म्हणाली, माझ्या वडिलांची चार बोटं सरांच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली गेली. चूक वडिलांचीच होती, तरी सरांनी दवाखाना केला, माझं शिक्षण चालवलं. आज आपण जे ऐकलं, ते सर आधीपासनं जगतायत. परत टाळ्या. मी मान खाली घालून बसलो, तर लोकांना वाटलं, माणूस किती साधा आहे.

ज्ञानू : माझी स्नेहल.

विश्वजित : तुमची स्नेहल. ज्ञानूमामा, तिला खरं का सांगितलं नाही?

ज्ञानू : काय सांगू? हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर हुता, त्यो माल लौकर निघावा म्हणून मालकांनी बंद करायला लावला, आन् त्येची वायर तुझ्या बापानंच सोडवली, आसं? कागदावर सही केलीया की मी, डाव्या हातानं. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे.’ पोरीच्या शिक्षणाचं बघतो म्हणलासा. खरं कळलं आस्तं तर तिनं तुमचं काय बी घेतलं नस्तं.

विश्वजित : ऑर्डर गेली तर चाळीस घरच्या चुली बंद पडतील, असं वाटलं होतं मला.

ज्ञानू : व्हय, तसंच म्हणलाता. मला बी पटलंतं. चाळिसात माझी बी चूल हुतीच की. मालक, एक इचारू? त्या प्रेसवर आता कोण बसतंय?

विश्वजित : भरमाप्पा.

ज्ञानू : आन् सेन्सर?



विश्वजित : बंदच आहे.

ज्ञानू : चार वर्सं झाली.

विश्वजित : दर महिन्याला वाटायचं, एवढी ऑर्डर निघू दे, मग चालू करू. मी कॉलेजात उभा राहून बोलत होतो, तेव्हासुद्धा प्रेस चालूच होती.

ज्ञानू : तुमास्नी एकट्याला काय म्हणू? मी तरी कुठं तोंड उघडलं? भरमाप्पा दरसाल मुडशिंगीच्या जत्रंला येतोय, माझ्या घरात जेवतोय. ताटात वाढताना त्येच्या हाताकडं बघवत न्हाय मला.

विश्वजित : स्नेहल किती वाजता येते?

ज्ञानू : साडेपाचच्या केएमटी बसनं. का?

विश्वजित : थांबतो मी. तिला मीच सांगणार.

ज्ञानू : सांगा. पर आधी त्या प्रेसचं बघा.

विश्वजित : (कारखान्यात सुपरवायझरला फोन लावून) हॅलो, बाळासो? भरमाप्पाला प्रेसवरनं उठवा. आत्ता. न्हाय, माल राहू दे. सेन्सर जोडल्याबिगर कुणी बसायचं न्हाय तिथं. व्हय, ऑर्डरवाल्या पार्टीला मी सांगतो. उठला का तो? बघून सांगा, मी फोनवर हाय. बरं. ठेवा.

ज्ञानू : झालं?

विश्वजित : झालं.

ज्ञानू : एवढाच फोन हुता व्हय, मालक.