नाक पक्कं झालं

मी मूळची माहीमची, पानवाडीतल्या घरातली, आणि आमच्या घरात माझं नाक फार मानाचं होतं बरं का ताई, खोटं नाय सांगत. सुके बोंबील आणले की आई पयले माझ्यापुढं धरायची, सुमे, हुंग बघू, ओले राहिलेत का, आणि मी परत कर बोलले की आई परत करायचीच, कोळीण कितीही भांडली तरी. बा चिडवायचा, हिला नवरा पण हुंगूनच पसंत करू दे. तर असं नाक घेऊन मी लग्न करून इकडं बेटेगावला आले, आणि पोरगा दोन वर्षांचा असताना नवरा गेला, मग काय करणार, कारखान्यात लागले. पावडरीच्या गोणी भरायच्या, शिवायच्या, खाली सांडलेलं झाडायचं.

पयल्या दिवशी काय सांगू तुमाला, दारातून आत पाय टाकला आणि डोळ्यांतून धारा, उलटीच झाली मला. मास्क होता, नाय असं नाय, पण उकाड्यात तो तोंडावर ठेवून बघा, जीव कासावीस होतो, म्हणून सगळ्यांचे गळ्यात लटकलेले, साहेब आला की वर, साहेब गेला की खाली. मशीनवर एक भैया होता, तो बोलला, भाभी, एक महिना सह लो, फिर नाक पक्का हो जाएगा. आणि झालं की खरंच! दोन महिन्यांत वास यायचा बंद, मी एवढी खूश, येताना घरी भजी घेऊन आले. तिकडं तसंच बोलतात, नवीन माणसाला विचारतात, काय रे, नाक पक्कं झालं का, आणि झालं बोलला की तो आपल्यातला. मी पण कितीजणींना तेच शिकवलं, ह्याच तोंडानं.

पुढं घरी पण आमटीत हिंग पडलाय की नाय कळेना, बोंबील भाजताना नुसता धूर दिसायचा. मी बोलले, वय झालं. मनाला काय, काय पण समजावता येतं.

मग गेल्या वर्षीची गोष्ट, पयली पाळी करून दुपारी घरी आले. सून अश्विनी मागच्या दारी कपडे वाळत घालत होती, तिनं ठेवलेलं दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, आणि बटण चालूच. मला काय ठाव! मी दुधाचं पातेलं खाली उतरवलं, चहाचं आधण ठेवलं, लायटर हातात घेतला, तर ती दारातून किंचाळली, आई, नको, गॅस सुटलाय, वास नाय येत का तुमाला? लायटर हिसकावला, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, मला ओढत अंगणात आणलं. मी तिलाच विचारते, कसला वास गं? तेव्हापासून माझ्या जिवाला थारा नाय.

बोईसरला नाकाच्या डॉक्टरकडं नेलं मला. ते बोलले, मावशी, नाक पक्कं नव्हतं होत, मरत होतं, वास यायचा बंद झाला तेव्हाच का नाय आलात, आता परत यायचं कठीण. मी काम सोडलं. आता माझं सगळं डोळ्यांवर आणि हातांवर, शेगडीचं काम झालं की रेग्युलेटर बंद, आधी खिडकी उघडायची मगच लायटर, कालचं कालवण खायचं नाय, दूध तापताना समोरून हलायचं नाय. अश्विनी हसते, आई, तीनदा बघितलंत. बघेन, चारदा बघेन! हात लावून येते, तरी अंगणात आले की वाटतं, चालू तर नाय राहिलं?

पण ती भीती परवडली. मी काम सोडल्यावर घर चालवायला माझा पोरगा नितीन त्याच खात्यात लागलाय, सहा महिने झाले. तिथं काय गळलं तर बाकीचे वासानं पळतील, आणि ज्याला वास नाय तो उभाच राहील ना हो. मी त्याला बोलले, मास्क गळ्यात दिसला तर तंगडी मोडीन. तो हो हो करतो, पण मी पण साहेबाला हो हो करतच होते. म्हणून मी घरात नेम लावला, कामावर निघताना डोळे मीट, मी डबा नाकाखाली धरते, काय हाय सांग. कधी हिंग, कधी लसूण, जास्त करून सुकट. तो वैतागायचा, आई, मी काय पोलिसांचा कुत्रा हाय का? पण सांगायचा बरोबर. हल्ली मात्र थांबून थांबून सांगायला लागला, दोनदा चुकला, सर्दी झालीय बोलला. सर्दी, आणि नाक कोरडं! मला चैन पडेना.

आज सकाळी मी डबा धरला. तो जरा थांबला आणि बोलला, सुकट.

डबा रिकामा होता ताई. नवा कोरा, बाजारातून आणलेला.

मी डबा उलटा करून दाखवला. तो पायरीवर बसला, एक बूट पायात, एक हातात. बोलला, महिना झाला आई, तिकडं सगळे बोलले पक्कं झालं, तुला सांगितलं असतं तर तू घरी बसवलं असतंस. मी बोलले, बसवलंच असतं. रडायला पण आलं नाय मला, एवढी घाबरले. आज सुट्टी मिळत नाय बोलला, गेला, मास्क मी माझ्या हातानं बांधला, बोलले काढशील तर माझी शपथ हाय. उद्या डॉक्टरकडं. लवकर आलं तर काय तरी होतं, असंच बोलले होते ना ते? माझं गेलं ते गेलं, देवा, पोराचं राहू दे.

पाळी सुटायची वेळ झाली, येईलच आता. बसा हो, चहा घेतल्याशिवाय कुठं जाता. अश्विनी बाजारात गेलीय, घरात मी एकटीच. एवढं दूध जरा हुंगून सांगता का ताई, नासलं तर नाय ना?