लंगडीची खुशाली

...नाही, पण मी म्हणते, एका लंगड्या मेंढीची खुशाली विचारायला तीस रंगरूट कशाला लागतात? तुम्हाला हसू येतंय. हसा. मलाही आधी आलं होतं. आमच्या केरबाला आलं नाही, पण त्याला हल्ली कशाचंच येत नाही. काय रे, कसा आहेस, विचारा, ठरलेलं उत्तर. मजेत आहे.

मुळात त्याला फौजेत जायचंच नव्हतं. माझा धाकटा भाऊ तो. फुलंब्रीच्या अलीकडं आमचं गाव, घरची दीडशे मेंढरं, दहावी कशीबशी पास. चिकलठाण्याला कंपन्या उभ्या राहत होत्या, चुलतभाऊ कडूबा तिथं मशीनवर, त्यानं साहेबाशी बोलून ठेवलेलं, दिवाळीपर्यंत ये, जागा धरतो. पण आमचे वडील, सोनाजीआप्पा! त्यांच्या डोक्यात काही शिरलं की ते तिथंच लटकतं, खुंटीवरच्या घोंगडीसारखं. "कंपनीत काय, तेल पुसायचं? वर्दी घाल. गावातून जाताना लोकांनी बघितलं पाहिजे." अहो आप्पा, लोकांना बघायचंय म्हणून पोरानं नऊ महिने तिकडं... "तू गप. कॉलेजात गेली म्हणून लई शहाणी झाली व्हय?"

झालं. निघायच्या दिवशी केरबा मेंढवाड्यात माझ्याजवळ आला. "अक्का, तिथं म्हणं पत्र वाचून मगच टाकतात. मला लईच जड झालं ना, तर मी लंगडीची खुशाली विचारीन. मग आप्पाला सुटकेचा अर्ज घेऊन तिथं आण. काय बी कर, पण आण." लंगडी म्हणजे त्यानं बोळ्यानं दूध पाजून वाढवलेली मेंढी, मागचा पाय अधू. म्हटलं, ठरलं.

आता तिथला दिवस ऐका. चारला शिट्टी. मेंढरांना घालतो तशी मायेची नाही, कानात खिळा ठोकल्यासारखी. उठायचं, दाढी करायची, दाढी आलेली नसली तरी करायची, कांबळ्याची घडी अशी की कोपऱ्यावर बोट कापलं पाहिजे, मग पळायचं, मग परेड, मग पळत जेवायला, चार मिनिटांत ताट रिकामं, शेवटचा घास ताट घासता घासता गिळायचा, परत परेड. नाव नाही, नंबर. केरबाचा चारशे बारा. बाराव्याला आईनं ठेवलेलं नाव पहिल्याच दिवशी न्हाव्यानं केसांबरोबर खाली पाडलं. उत्तरं दोनच, 'जी उस्ताद' आणि 'नहीं उस्ताद', त्यातलं दुसरं वापरायचं नाही. आधी पाय दुखायचे म्हणे. मग पाय आहेत का नाहीत, तेच कळेना. बरं झालं, म्हणाला, दुखायचं थांबलं.

आणि रविवारी पत्र. तीस जण मांडी घालून बसायचे, उस्ताद फळ्यावर मजकूर लिहायचा, सगळ्यांनी उतरवायचा. उस्ताद म्हणजे कवायत शिकवणारा हवालदार, आपलाच, साताऱ्याकडचा. "घरी रडगाणं लिवायचं न्हाई. आई रडती, बाप अर्ज करतो, आन डोकं माझं उठतं." म्हणून फळ्यावर काय? तीर्थरूप वडिलांस साष्टांग नमस्कार. मी इथं मजेत आहे. जेवण भरपूर आहे. काळजी नसावी. अशी चौदा पत्रं आली आमच्याकडं! आप्पा प्रत्येक पत्र मला पारावर वाचायला लावायचे आणि चौदाही वेळा कान देऊन ऐकायचे. पोरगं काय म्हणतंय? मजेत आहे.

मग ते पहाऱ्याचं झालं. भर दुपारी दोन तास गेटावर उभं राहायचं. आता धनगराचं पोर दोन तास कसं उभं राहतं, तुम्ही माळावर बघितलंच असेल. काठी पुढं रोवायची, काठीवर हात, हातावर हनुवटी, एक पाय उचलून दुसऱ्याच्या गुडघ्याला टेकवायचा. दिवस निघून जातो. केरबानं तेच केलं. फक्त काठीच्या जागी रायफल. बगळ्यासारखा उभा, नळीवर हनुवटी, नजर लांब, जिथं मेंढरं असायला पाहिजेत तिथं. समोरून मोठ्या साहेबाची जीप. "ये क्या हो रहा है?" इथं गप बसावं की नाही? आमचा खरं बोलला. "आराम से खड़ा हूँ, साहब."

सात दिवस पिट्टू. म्हणजे पाठीवरच्या पिशवीत विटा भरायच्या, रायफल दोन्ही हातांनी डोक्यावर धरायची आणि उन्हात मैदानाला फेऱ्या मारायच्या. चौथ्या दिवशी शेजारच्या खाटेवरचा बन्सी, लासूर स्टेशनचा, त्याला म्हणाला, "केरबा, तुझ्या खांद्यातून रगत येतंय." केरबा म्हणाला, "व्हय का?"

त्या रविवारी त्यानं फळ्यावरचं सगळं उतरवलं आणि खाली एक ओळ घातली. लंगडी मेंढी कशी आहे? उस्ताद एकेक पत्र वाचत आला. केरबाचं वाचलं. थांबला. परत वाचलं. केरबाला वाटलं, कळलं ह्याला, आता संपलं. तर उस्तादानं त्याची पाठ थोपटली! "शाबास, चारशे बारा. ह्याला म्हणत्यात पत्र. घरच्या मुक्या जनावराची आठवण. बाकीच्यांनी शिका." आणि खडू घेतला आणि ती ओळ फळ्यावर चढवली. तीसच्या तीस पत्रांत लंगडी मेंढी.

इकडं तेव्हा काय चाललेलं? मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं, एवढंच. त्यावरून खेडी पेटली, शेजारच्या गावात माणसांची घरं जाळली, आणि आमची वडीलधारी मंडळी पारावर बसून म्हणतात, नावात काय ठेवलंय? काही ठेवलेलं नाही तर जाळता कशाला? एसटी बंद, कॉलेज बंद, टपाल बंद. केरबाचं पत्र तीन आठवड्यांनी हातात पडलं. वाचलं आणि आप्पांकडं धावले. आप्पा, उठा, केरबाला आणायला जायचं. "कशावरून?" मेंढीवरून. आता ही खूण मी त्यांना समजावतेय, तोवर दारात एक बाई. बन्सीची आई, भागूबाई, भरतीच्या दिवशी ओळख झालेली, लासूरहून दोन एसट्या बदलून आलेली, हातात पत्र.

"ताई, तुम्ही शिकलेल्या, सांगा बरं. आम्ही कापसाची माणसं. आमच्या दावणीला मेंढी नाय, घरात लंगडं कुणी नाय. मग पोरगं हे कुणाचं इचारतंय? येडं झालं का माझं?"

दोन्ही पत्रं शेजारी ठेवली. अक्षर वेगळं, मजकूर तोच. आप्पा असे हसले, असे हसले, जन्मात पहिल्यांदा माझ्यावर कुरघोडी केली ना! "बघ, सगळ्या पलटणीला आपल्या लंगडीची काळजी. आन ही म्हणं अर्ज घेऊन चला."

तुम्हाला सांगते, तिथं मी गडबडले. कुणी कुणाचं बघून लिहिलं? आप्पांना वाचता येत नाही, मी उत्तरात काहीही लिहू शकत होते, केरबा, धीर धर, येतोय. नाही लिहिलं. म्हटलं, पुन्हा विचारलं तर खरं. आणि आप्पांनी सांगितलं ते लिहिलं. लंगडी मजेत आहे.

पुढच्या रविवारी केरबानं पुन्हा विचारलं. बन्सीनंही विचारलं, मग खरं कुणाचं धरायचं? तिसांनी विचारलं. कसम परेड, म्हणजे शपथ घेऊन पक्का शिपाई होण्याची परेड, ती होईपर्यंत दर रविवारी विचारत राहिले. दिवाळीला चिकलठाण्याची जागा दुसऱ्याला गेली.

मग सुट्टीवर आला. दारात काळी पेटी ठेवली, पाय जुळवले. आईनं तोंडावरून हात फिरवला, "काय खाशील रं?" "मिळेल ते." आप्पांनी कौतुकानं जनावर कापलं होतं. कोणतं? अहो, ज्याला कळपामागं चालवत नव्हतं ते! सकाळी मी मध्ये पडले होते, तर म्हणाले, "लंगडीच तर हाय." केरबाचं ताट चार मिनिटांत रिकामं. कशाचं मटण, विचारलं नाही. संध्याकाळी मेंढरांत जाऊन उभा राहिला, दोन्ही पायांवर, ताठ, काठी खांद्याला. मेंढरं लांबून चरत होती.

मी गाठलंच त्याला. "लंगडीचं ते पहिलं पत्र खरं होतं का रे?"

"व्हय."

"आणि नंतरची?"

त्याला आठवावं लागलं. "नंतरची फळ्यावरची."

"आणि आता?"

"आता काय, अक्का. मजेत आहे."

परवा त्याचं नव्या पोस्टिंगवरून पत्र आलं. तिथं फळा नाही, उस्ताद नाही. साष्टांग नमस्कार, मी इथं मजेत आहे, जेवण भरपूर आहे, काळजी नसावी... आणि खाली ती ओळ. लंगडी मेंढी कशी आहे? आता हे हाताला वळण पडलं म्हणून आलं, का खरंच विचारलं? कसं कळावं माणसाला? मी अर्धा तास कोरं अंतर्देशीय घेऊन बसले. आप्पा खाटेवरून म्हणाले, "इचार काय करती? लिही की."

लिहिलं. मजेत आहे.