इंदुमतीवहिनींच्या रंगाचा प्रिंटर

आता मला सांगा, प्रिंटर घ्यायला जाताना कुणी बायकोला नमुना म्हणून नेतं का? म्हणजे सोबत म्हणून नेतात, पिशव्या धरायला नेतात, घासाघीस करायला तर नेतातच नेतात... पण नमुना म्हणून? ब्लाउजपीस घ्यायला निघालेली बाई साडीचा पदर घेऊन जाते ना, तसं आमच्या गुलाबराव मेश्रामांनी इंदुमतीवहिनींना अख्ख्या नेहरू प्लेसमध्ये, म्हणजे दिल्लीच्या कॉम्प्युटर बाजारात, फिरवलं हो, प्रत्येक दुकानाच्या दाराशी उजेडात उभं केलं, आणि हातात प्रिंट धरून एकदा प्रिंटकडे बघ, एकदा बायकोकडे बघ, पुन्हा प्रिंटकडे बघ... आणि कारण काय? तर रंग बरोबर आला पाहिजे.

तुम्हाला सांगतो, गुलाबराव माणूस सोन्यासारखा. मूळचे वर्ध्याचे, नोकरीला लागले आणि दिल्लीत आले ते दिल्लीचेच झाले, सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झाले, आता गुरुग्रामला फ्लॅट आहे, मुलगी समता तिथेच एका कंपनीत आहे. पण सरकारी नोकरी अंगात मुरली की मुरली. घरात साधा कुकर घ्यायचा तर हा माणूस आधी समिती नेमतो. समितीत कोण? तर वहिनी, समता आणि अध्यक्ष हे स्वतः. वहिनी म्हणतात, "अहो, तीन शिट्ट्या झाल्या की झालं, त्यात समिती काय करणार?" पण नाही, विचारविनिमय झाला पाहिजे.

बरं, या वेळी झालं काय, की बुद्धपौर्णिमेला समतानं आईचा फोटो काढला. बाल्कनीत पंचरंगी ध्वज लावलेला, वहिनी पांढऱ्याशुभ्र साडीत, निळा काठ, आणि चेहऱ्यावर असं हसू की विचारू नका. गुलाबरावांनी तो फोनवर मोठा करकरून बघितला. मग म्हणाले, हा फ्रेम करून हॉलमध्ये लावायचा. गेले सोसायटीच्या मार्केटमध्ये, फोटो छापायला दिला, आणि घेऊन आले ते काय? पांढरी साडी गुलाबी, ध्वजातला निळा आकाशी, आणि वहिनी... वहिनी नव्हत्याच हो त्यात. कुणीतरी गोरीपान बाई वहिनींची साडी नेसून उभी होती. गुलाबराव तसेच परत गेले. तर दुकानदार काय म्हणतो? "अंकल, आंटी का फेस क्लीन कर दिया है, उसका कोई एक्स्ट्रा नहीं लिया." क्लीन? म्हणजे आधी काय मळलेला होता?

आता वहिनी सावळ्या. चांगल्या सावळ्या, तजेलदार, विदर्भातल्या उन्हात वाढलेल्या. पण फोटोवाल्यांना हे कधी मान्यच झालं नाही. लग्नात वर्ध्याच्या स्टुडिओवाल्यानं पावडर थापून आणि वर काय काय करून असा फोटो दिला, की तो बघून वाटावं, गुलाबरावांचं लग्न भलत्याच बाईशी लागलं. समताच्या बारशाचा तसाच. रिटायरमेंटचा तसाच, त्यात तर वहिनी इतक्या पांढऱ्याफटक की मागच्या भिंतीपासून वेगळ्या ओळखू येत नाहीत. गुलाबराव म्हणाले, "अगं इंदू, सगळं आयुष्य तुझ्याबरोबर काढलं आणि घरात तुझा एक फोटो नाही. या सगळ्या दुसऱ्याच बायका आहेत."

तर वहिनींनी काय म्हणावं? म्हणाल्या, "असू द्या हो. लहानपणी फोटो काढायचा म्हटलं की मला मागच्या रांगेत ढकलायचे, म्हणायचे, हिच्यानं फोटो काळा येतो. ही गोरी बाई बरी आहे. तिला कुणी मागे तर ढकलत नाही."

झालं. गुलाबरावांनी चहाचा कप खाली ठेवला. हे त्यांना इतक्या वर्षांत कधी माहीतच नव्हतं, आणि त्यांना फार लागलं ते. म्हणाले, "प्रिंटर घ्यायचा. घरचा. छोटा असला तरी चालेल, पण रंग बरोबर आला पाहिजे."

मग सुरू झालं ते. पहिल्या दुकानात विक्रेत्यानं काय दाखवावं? पोपट. लाल, हिरवा, पिवळा, झगझगीत. "देखिए अंकल, क्या कलर है!" गुलाबराव शांतपणे म्हणाले, "भैया, इस तोते को मैं नहीं जानता. असली में कैसा है मुझे क्या पता?" बरोबर आहे की नाही? तो म्हणाला, "अंकल, तोता तो तोता होता है." गुलाबराव म्हणाले, "हमारा वाला छापो," आणि फोनवरचा वहिनींचा फोटो पुढे केला. "ध्वजाचे पाच रंग मला पाठ आहेत," हे वहिनींना मराठीत, "साडी पांढरी आहे, आणि चेहरा... चेहरा मी घेऊनच आलोय, इंदू, जरा दाराकडे तोंड कर." आणि वहिनी बिचाऱ्या पर्स पोटाशी धरून उभ्या, येणारे-जाणारे बघतायत, विक्रेता बघतोय... तेवढ्यात तो म्हणतो, "आंटी को थोड़ा ब्राइट कर दूँ?" गुलाबराव म्हणाले, "आंटी बिल्कुल ब्राइट है. आप मशीन देखो."

एक निघाला खिशात मावेल एवढा. दिसायला गोड, फोटो निघतो पत्त्याच्या पानाएवढा, मागे चिकटपट्टी. पण त्यातल्या वहिनी जांभळट, थंडीत काकडल्यासारख्या. बाद. दुसरा शाईचा. त्यातल्या वहिनी जरा निळसर, पण छान, शांत, वाईट नाही. मात्र विक्रेताच म्हणाला की रोज थोडं छापत राहा, नाहीतर दिल्लीच्या उन्हाळ्यात शाई वाळते. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे याला विरजणासारखं रोज बघायचं का?" तिसरा रिबनचा, म्हणजे शाईऐवजी आत रंगांची फीत. हा कागद चार वेळा आत-बाहेर करतो. पहिल्यांदा बाहेर आला तेव्हा वहिनी पिवळ्याजर्द, कावीळ झाल्यासारख्या. गुलाबराव घाबरले. पुन्हा आत, लाल रंग चढला, वहिनी संतापल्यासारख्या. पुन्हा आत, निळा चढला... आणि हळूहळू वहिनी वहिनी व्हायला लागल्या हो. शेवटी वरून पारदर्शक थर, की पाण्यानं बिघडायला नको. गुलाबरावांनी हात लांब करून प्रिंट वहिनींच्या गालाशेजारी धरली आणि म्हणाले, "हाच."

संपलं ना? घ्यायचा ना मग? पण नाही. अध्यक्ष म्हणाले, दोन्ही प्रिंट घरी नेऊ, शांतपणे बघू. घरी आले, सोफ्यावर बसले, चष्मा नाकावर, दोन्ही प्रिंट जवळ धरून बघितल्या, मान वर करून समोरच्या वहिनींकडे बघितलं आणि म्हणतात, "रिबनवाला चुकला. शाईवालाच बरोबर." दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात. तिथे हात लांब करून बघतात आणि म्हणतात, "छे, रिबनवालाच." घरी आले की शाईवाला, दुकानात गेले की रिबनवाला! दुकानदारानं यांना बघितलं की तो पोपट उलटा करून ठेवायला लागला. वहिनींचे पाय दुखायला लागले. म्हणाल्या, "अहो, मी इथे आहे ना जिवंत, मला बघा, फोटो राहू द्या." पण ऐकतील तर ते गुलाबराव कसले? रंग बरोबर आला पाहिजे.

शेवटी समतानं पकडलं. रविवारी सकाळी बाबा प्रिंट बघत होते, ही समोर बसली होती, एकदम म्हणाली, "बाबा, तुम्ही एक डोळा मिटून का बघताय?"

आता हे ऐका. गुलाबरावांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डाव्याचं व्हायचं होतं. नवा चष्मा मिळेपर्यंत यांनी जुन्या चष्म्याची उजवी काच काढून टाकली होती. म्हणजे लांबचं बघायचं तर नवा उजवा डोळा, आणि जवळचं बघायचं तर काचेतून जुना डावा. दुकानात हात लांब, म्हणून उजवा. घरी मांडीवर, म्हणून डावा. समता म्हणाली, "यार बाबा, डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं का, मोतीबिंदूच्या डोळ्याला सगळं पिवळट दिसतं म्हणून? त्याला निळसर फोटोच बरोबर वाटणार. प्रिंटर भांडत नाहीयेत, तुमचे डोळे भांडतायत."

गुलाबरावांनी वहिनींना समोर बसवलं. डावा डोळा मिटला, उजवा मिटला, पुन्हा डावा. आणि चेहरा पडला हो माणसाचा. हळूच म्हणाले, "म्हणजे इंदू, गेली काही वर्षं मीसुद्धा तुला चुकीच्याच रंगात बघत होतो? त्या फोटोवाल्यांना शिव्या देत होतो आणि मी पण तसलाच?"

वहिनी म्हणाल्या, "तुम्ही मागच्या रांगेत तर नाही ना ढकललं? मग झालं."

मग अध्यक्षांनी स्वतःच राजीनामा दिला. म्हणाले, माझे दोन्ही डोळे बाद, निर्णय इंदूनं घ्यायचा. वहिनी दोन्ही प्रिंट घेऊन बाल्कनीशेजारच्या आरशापुढे गेल्या. एक बघितली, दुसरी बघितली, आरशात बघितलं... बराच वेळ झाला तरी बाई परत येईना. समता मागे गेली, तर आईच्या डोळ्यांत पाणी. रिबनवाली प्रिंट पुढे केली आणि म्हणाल्या, "हा घ्या. यात माझी आई दिसते. ती अगदी अशीच होती, या रंगाची. फोटोत मी तिच्यासारखी कधी आलेच नव्हते."

आला प्रिंटर. लागला फोटो, हॉलमध्ये, दारातून आत आलं की समोर. आता वहिनी जाता-येता तिथे थांबतात, पदर सारखा करतात, आणि पाहुणे आले की मुद्दाम त्याच्या बाजूच्या खुर्चीत बसतात. छान झालं. इथे गोष्ट संपायला काय हरकत होती, सांगा?

पण पुढे गुलाबरावांच्या डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं, नवा चष्मा आला, आणि वहिनी म्हणाल्या, माझ्या शेजारी आता तुमचाही लावू या. समतानं फोटो काढला. गुलाबराव सफारी घालून, केस नीट विंचरून, ऐटीत. कागद चारदा आत-बाहेर झाला, फोटो हातात आला, आणि गुलाबराव म्हणाले, "बिघडला. प्रिंटर बिघडला." का? तर डोक्यावरचे केस तांबूस, उन्हात जांभळट झाक मारणारे, आणि कानाशी पांढरे. "मी काळाभोर रंग लावतो! हे काय आलंय?" म्हणून तरातरा आरशापुढे गेले, उजव्या डोळ्यानं बघितलं, डाव्यानं बघितलं, चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं... आणि पहिल्यांदाच दोन्ही डोळ्यांचं एकमत झालं.

परत आले, समताच्या कानाशी लागले, अगदी हळू आवाजात म्हणाले, "काय गं, हे... फक्त केसांपुरतं... थोडं क्लीन करता येतं का?"

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "काही नको. तसाच लावा. इतकी वर्षं मी रोज हेच बघते आहे, मी कधी काही म्हणाले?"

लागला हो तोही. आता दोघं शेजारी शेजारी आहेत, आणि रंग अगदी बरोबर आलेत, काय करता.