कोणाचा डॉक्टर?

आता हासता तुमी, पण तवा मले लय लाज वाटे. व्हायचं होतं माणसांचा डॉक्टर. तिथं नंबर लागला नाई. आपला चांदा तवा मध्यप्रदेशात होता, म्हणून जबलपूरले ढोरांच्या डॉक्टरकीत नाव घातलं.

आलापल्लीले पोरगी पाहाले निंघालो, तं मामा वाटेतच म्हणे, "नुसतं डॉक्टर म्हणजो. कोणाचा, ते त्यायनं विचारलं तं पाहू."

कोणी विचारलंच नाई. उलट पोरीच्या बापानं हात पुढं केला. "डॉक्टरसाहेब, जराशीक नाडी पाहा ना जी."

मी नाडी धरली, अन् मागच्या कोठ्यातून गाय हंबरली. आवाजावरूनच समजलं, गाय अडली हाये. कोट फेकून धावलो, खांद्यापर्यंत हात घालून वासरू ओढलं.

बाहेर आलो तं अंगभर घाण, अन् मामाचा हात कपाळाले. बाप म्हणे, "म्हणजे तुमी ढोरांचे डॉक्टर?"



पोरगी गरम पाण्याची बादली घेऊन आली. म्हणे, "बाबा, माय बिमार होती तवा डॉक्टरले बोलावून बोलावून आपण थकलो. हे तं गाय एकडाव हंबरली अन् उठले."

सरका जरा, आता चाय घेऊन येऊन राह्यली ना, तेच ते पोरगी.