दोन मिनिटांची सुनावणी

ऑगस्टा या राज्याच्या राजधानीतील वीज आयोगाच्या जनसुनावणीच्या रांगेत माझ्यापुढे वृद्ध थिबोडो उभे होते. राज्याच्या ऊर्जाधोरण कार्यालयात उन्हाळी अभ्यासवृत्तीवर आलेली एक विद्यार्थिनी वक्त्यांची वेळ मोजण्यास नेमलेली होती. ती त्यांचा सराव घेत होती.

“बोला काका. दोन मिनिटं.”

“माझी कोरिन लग्नाआधी सार्डिन मासळीच्या कारखान्यात...”

“थांबा! अशानं लग्न लागायच्या आत घंटा होईल. तुम्हाला हवंय काय?”

“दुरुस्तीसाठी वीज बंद करण्याआधी फोन करा, एवढंच. तिचं श्वासाचं यंत्र विजेवर चालतं. परवा न सांगता बंद केली, तर ओठ निळे पडले गं तिचे.”

“हेच आधी सांगा. अस्संच.”

नाव पुकारले गेले. त्यांनी अगदी तसेच सांगितले.

“हे नव्या नियमात घालू,” आयोगाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. “तुमचा वेळ अजून उरलाय.”

“तो त्या घड्याळवाल्या पोरीला देतो.”

“ती कार्यालयाची आहे. तिला इथं बोलता येत नाही.”

“मग तिचे आभार नोंदीत लिहा.”

“नाव काय तिचं?”

“अरेच्चा! ते विचारायचंच राहिलं.”

“नाओमी,” घड्याळाकडून आवाज आला. “आणि काका, वेळ संपला.”