पंख बनवणारे हात

त्वचेच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. लेकीचे हात कोपरापर्यंत सोलवटले होते.

"घाल आणखी हात त्या चिकट रेझिनमध्ये! कॉलेजचं ग्लायडर दुसरं कुणी बनवेल."

"जो फायबरग्लासचे पंख घासत नाही, त्याला उडायला मिळत नाही, आई. डॉक्टरांनी रेझिन बंद सांगितलं, तर संपलंच."

"विमानातच बसायचंय ना? तिकीट काढू."

"याला इंजिन नसतं गं. वर नुसता वारा ऐकू येतो म्हणे."

"म्हणे? एवढी राबलीस, आणि एकदाही बसली नाहीस?"

"पुढच्या महिन्यात माझा नंबर आहे."

नर्सने हाक मारली. आई आधी उठली.

"भांड्यांच्या साबणानं झालं, असं मी सांगते. तू गप्प बस. मेलीला धड खोटंही बोलता येत नाही."