तोंड फिरवा, मामा

टाळ थांबू द्या मंडळी. मृदंगवाल्या बुवांनी जरा घाम पुसावा. आणि मागं खांबाला टेकलेल्यांनी सरळ बसावं — होय, तुम्हालाच म्हणतोय! आज एकच प्रश्न विचारतो. आपलं जिवाचं माणूस चुकतंय, आणि ते आपल्यालाच म्हणतंय, "एक मिनिट तोंड फिरव." सांगा बघू — तोंड फिरवणं ही माया, का न फिरवणं ही माया?

शेजाऱ्याकडं बघताय! बघणारच. मग ऐका भानुदासअण्णांची गोष्ट.

नांदरखेड गाव. तिथले भानुदासअण्णा म्हणजे सप्त्याचे जुने वीणेकरी. वीणेचा नेम ठाऊक आहे ना? सप्ताहभर जमिनीला टेकायची नाही! एकाच्या गळ्यातली दुसऱ्याच्या गळ्यात. पाय भरून येवोत, पोटात कावळे ओरडोत — पहारा बदलायला माणूस आला नाही तर उभं राहायचं. अण्णांच्या बहिणीचा, शेवंताचा, नवरा वारला तेव्हा वीणा अण्णांच्याच गळ्यात होती. निरोप आला. पण दुसरा माणूस येईपर्यंत अण्णा हलले नाहीत. पोचले तोवर तिरडी उचललेली! बहिणीनं तोंडावर दार लावलं, वर्षभर बोलली नाही. बरोबर केलं का चूक, हे अण्णांनाही कधी उमगलं नाही. आत टोचणी लागून राहिली, ती राहिलीच.

म्हणून त्यांनी भाच्यावर सगळा जीव लावला. भाचा दिगंबर — दिगू. पैलवान गडी! शेवंतानं दुसऱ्याच्या रानात खुरपून त्याला दूध-बदाम घातले. आणि यंदा जिल्ह्याच्या कुस्त्या नांदरखेडलाच! जो गदा मारील त्याला पोलिसात नोकरी, असं ठरल्यातच जमा.

गावानं स्वयंसेवक दिले. आता स्वयंसेवक म्हणजे कोण, हे मी सांगायला नको! बिल्ला लावायला पन्नास, खुर्च्या उचलायला पाच! पाहुण्यांच्या स्वागताला झुंबड, पाण्याच्या टाकीजवळ शुकशुकाट! हसताय? या मांडवातसुद्धा तेच आहे, बोलेन शेवटी.

तर एक काम कुणी घेईना. उत्तेजकांच्या चाचणीचं. कुस्त्यांच्या दिवशी सकाळी, चाचणीसाठी आलेल्या डॉक्टरीणबाई सांगत होत्या, "ज्याची चाचणी, त्याला नजरेआड करायचं नाही. निरोप दिल्यापासून बाटलीला सील लागेपर्यंत! पाणी प्यायचं ते आपल्या बंद बाटलीतलं. आणि तो लघवी करताना समोर उभं राहून बघायचं."

तुम्ही हसलात, तिथंही असेच हसले! तरणी पोरं माना खाली घालून सटकली. तेव्हा अण्णा उठले. "मी करतो. धरलेलं खाली ठेवायचं नाही, एवढंच ना? ते मला येतं."

बाई म्हणाल्या, "कुणी खेळाडूच्या नात्यातलं असेल तर आत्ताच हात वर करा."

एक वात्रट ओरडला, "बाई, गावात सगळेच एकमेकांचे मामा-काका! हात वर केले तर मांडव उडून जाईल!"

हशा पिकला. अण्णांचा हात अर्धा वर गेला होता — त्या हशात तो खाली आला. चूक इथं झाली मंडळी, ध्यानात ठेवा! मोठी पापं दार वाजवून येत नाहीत. ती हशात येऊन बसतात.

शेवटची कुस्ती लागली. दिगूनं समोरच्याला असा उचलला, असा फिरवला — आणि चितपट! फेटे उडाले, हलगी कडाडली, शेवंता पदरात तोंड लपवून रडली. आणि बाईंनी अण्णांच्या हातात चिठ्ठी दिली. चाचणी कुणाची? दिगंबरची!

अण्णांच्या मनात आलं, आता सांगावं, मी याचा सख्खा मामा! पण बाई गर्दीत गेल्या. दुसरे स्वयंसेवक? पाहुण्यांबरोबर फोटोत! आणि दिगूला सोडून बाईंना शोधायला जावं, तर तो नजरेआड होतोय. घ्यायला दुसरा हात नाही — मग वीणा ठेवायची कुठं?

अण्णा निघाले त्याच्या मागं.

निरोप ऐकला आणि दिगूचा चेहरा पांढराफटक! "मामा, जरा मोबाईल आणतो." — "चल, मी येतो." — "मामा, आईला भेटून येतो." — "चल, मी येतो." वाटेत दिगूच्या वस्तादानं पाण्याची बाटली पुढं केली, झाकण उघडलेली. अण्णा म्हणाले, "हे नको. बंद बाटलीतलं मी देतो."

वस्ताद कानाशी लागला. "अण्णा, पोरगं तुमचंच आहे. जरा सबुरीनं."

आलं ध्यानात? अण्णांच्याही आलं!

मोरीचं दार लागलं. आत दोघंच. मामा आणि भाचा. दिगूनं कुस्तीनंतर चढवलेल्या विजारीच्या खिशातून एक छोटी बाटली काढली. दुसऱ्याच कुणाची तरी लघवी!

"मामा, तोंड फिरवा."

अण्णा दाराला पाठ लावून उभे राहिले, नजर त्या बाटलीवर.

"एकच मिनिट, मामा! वस्तादानं सुया टोचल्या. काय होतं मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक नव्हतं, तर ही बाटली कशाला आणलीस?"

दिगू भिंतीला टेकला. मग रडत बोलला — आणि काय बोलला? नेमकं वर्मावर! "आईकडं बघा मामा. बाप गेला तेव्हा तुम्ही आला नाहीत. निदान आज तरी माझ्यासाठी या!"

काय करावं सांगा? तुम्ही असता तर? मला विचाराल तर खरं सांगतो — माझी मान वळली असती! बाहेर हलगी वाजतेय. बहीण पेढे वाटतेय. एक मान वळवली की पोराचं सोनं! बघायला कोण आहे?

अण्णांच्या डोळ्यांतून धार लागली. पण डोळे हलले नाहीत. म्हणाले, "तुझ्यासाठीच आलोय रे. त्या दिवशी उशीर झाला, आज वेळेवर आलोय. मी तोंड फिरवलं तर तुला आयुष्यभर दर दारात तोंड फिरवणारा माणूस शोधावा लागेल. ती बाटली तू बाईंपुढं ठेवतोस, का मी ठेवू?"

मग दार उघडलं.

दिगूनं स्वतःच्या हातानं बाटली बाईंच्या टेबलावर ठेवली. आणि अण्णांनी हात वर केला — सकाळी खाली आलेला तोच हात! "बाई, मी याचा सख्खा मामा. सकाळी सांगितलं नाही, चुकलो. मला बाजूला करा, दुसरा माणूस द्या."

बाई चांगल्याच रागावल्या. रागवायलाच हव्यात! दुसरा माणूस आला, नमुना झाला, सील लागलं. तेव्हा अण्णा मटकन खाली बसले.

गदा गेली. नोकरी गेली. वस्तादाची चौकशी लागली. दिगूवर बंदी आली, खरं बोलला म्हणून थोडी कमी, पण आली! आणि शेवंतानं भावाच्या तोंडावर दार लावलं. दुसऱ्यांदा!

तुम्ही म्हणाल, बुवा, मग अण्णांना मिळालं काय?

ऐका. पुढच्या वर्षी सप्ता बसला. भर दुपार. अण्णा वीणा घेऊन उभे, आणि पहाऱ्याला ज्याचं नाव तो आलाच नाही. सगळं गाव पंगतीला! तेवढ्यात समोर कोण? दिगू! वर्षभरात अंगानं उतरलेला, पण मान सरळ. "मामा, द्या."

वीणा देता-घेताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, हा रिवाज. भाचा वाकला. आणि मामाही वाकला! दिगू म्हणाला, "बंदी उठली की पुन्हा उतरणार मामा. सुईविना, अंगच्या ताकदीनं." अण्णा वळले, तर मांडवाच्या दारात शेवंता. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. आणि अण्णांनी घेतला बरं का — झाकण नसलेला! घटाघटा प्यायले, निम्मं पाणी डोळ्यांतलं.

आता तुमच्याकडं वळतो. तुमच्या घरात, दुकानात, शाळेत कुणी म्हणतं ना, "एक मिनिट तिकडं बघा"? तेव्हा आठवा, तुमच्या गळ्यात काय आहे ते! आणि हो, शेवटी बोलेन म्हणालो होतो. हे माझ्या मागं वीणा घेऊन उभे आहेत, ते सकाळपासून उभे आहेत. यांच्यानंतरचा माणूस कुठाय? पानं मांडलीत, आमटीचा वास मलाही येतोय. पण आधी एक जण उठा.

बघतोय मी. तोंडं फिरवू नका.